राउटर आधी उलटा करून बघा: ओपन फर्मवेअर चालेल असा घरचा राउटर कसा निवडायचा

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गावर, कुठल्याही दुकानात राउटर मागितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती अँटेनावाला देऊ?" दोन, चार, सहा. गिऱ्हाईकही अँटेना मोजूनच घेतं. मी आमच्या परळच्या घरी, गिरगावात माहेरी आणि सोसायटीतल्या सात-आठ जणांकडे राउटर बसवून दिलेत. त्यावरून सांगते, अँटेनांचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, आत चिप कुठली आहे? आणि मग, खालच्या लेबलावर आवृत्ती कुठली छापली आहे? या दोन्हींची उत्तरं बरोबर मिळाली तर कंपनीने अपडेट देणं थांबवल्यावरही तो राउटर पुढे कित्येक वर्षं नीट आणि सुरक्षित चालतो.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या पोटात बसवलेली प्रणाली. फोनला जसं अँड्रॉइड, तसं राउटरला हे. कंपनी ते बंद करून देते, दोन-तीन वर्षं अपडेट पाठवते आणि मग पुढच्या मॉडेलकडे वळते. राउटर मात्र घरात चालूच राहतो. २०१८च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं घातक सॉफ्टवेअर उघडकीला आलं, तेव्हा जगभरात किमान ५ लाख राउटर आणि तशीच उपकरणं बाधित झालेली होती. त्यातली बरीचशी अशीच, घरात किंवा छोट्या ऑफिसात कोपऱ्यात पडून राहिलेली आणि अपडेट न झालेली होती.

यावरचा उपाय वीस वर्षांहून जुना आहे. २००२च्या अखेरीस लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स ही खुली प्रणाली होती. लिनक्सच्या परवान्याची अटच अशी की त्यावर आधारलेली वस्तू विकायची तर तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रामही द्यावा लागतो. लोकांनी पाठपुरावा केला, २००३ मध्ये तो कोड खुला झाला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो मॉडेलांवर चालतो. डीडी-डब्ल्यूआरटी आणि फ्रेशटोमॅटो हेही पर्याय आहेत. असूसच्या राउटरांसाठी असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन आहे, पण ते कंपनीच्याच फर्मवेअरवर बेतलेलं आहे आणि त्यातले वायफायचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्राम, बंदच आहेत. नव्याने राउटर घेणाऱ्याने ओपनडब्ल्यूआरटी डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून पुढे सगळं त्याच्याविषयी.

घरात तीन फोन आणि एक टीव्ही एवढंच असेल, तक्रार काही नसेल आणि राउटर नवा असून त्याला अपडेट येत असतील, तर हा खटाटोप आज करू नका. राउटर बदलायची वेळ येईल तेव्हा मात्र हे वाचून घ्या.

पायरी १: आधी स्वतःची लाइन ओळखा

मुंबईत फायबर घरात येतं ते भिंतीवरच्या किंवा टीव्हीमागच्या एका पांढऱ्या डब्यात. त्याला ओएनटी म्हणतात, काही जण ओएनयू. तो डबा कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, त्यामुळे साधारणपणे तो काढून टाकता येत नाही आणि तसं करायची गरजही नाही. आपला राउटर त्याच्या पुढे, लॅनच्या वायरने जोडायचा. लँडलाइन फोन त्याच डब्यातून चालत असेल तर डब्याला हात लावूच नका.

खरेदीच्या आधी केबलवाल्याला फोन करा आणि चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) आहे की डीएचसीपी (आपोआप जोडली जाणारी)? पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड काय? व्हीलॅन नंबर टाकावा लागतो का? आणि लाइन राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या ओळख क्रमांकाला, बांधलेली आहे का? इमारतीतल्या छोट्या केबलवाल्यांकडे ही शेवटची अडचण फार येते. नवा राउटर लावला की नेट बंद, आणि दोष राउटरवर. खरं तर जुन्या राउटरचा मॅक पत्ता नव्या राउटरमध्ये टाकला की दोन मिनिटांत लाइन सुरू होते.

फोनवर बहुतेक वेळा उत्तर येतं, "ताई, राउटर आम्हीच बसवून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता." नेट धरून बसायचं. "दादा, राउटर माझा आहे, मला फक्त युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाका आणि डबा ब्रिज मोडवर करून द्या." ब्रिज मोड म्हणजे तो पांढरा डबा फक्त प्रकाशाचा सिग्नल वायरीत उतरवणार, बाकी सगळं काम आपला राउटर करणार. ब्रिज मोड दिला नाही तरी चालतं. तेव्हा दोन राउटर एकामागे एक लागतात, आणि रोजच्या वापरात त्याने फारसं बिघडत नाही.

याच फोनवर प्लॅनचा वेगही नक्की करा, चढता (अपलोड) आणि उतरता (डाउनलोड) दोन्ही. पुढे चिप निवडताना हा आकडा लागणार आहे.

पायरी २: घराकडे बघा

गिरगावातली आमची खोली जुन्या चाळीतली. भिंती जाडजूड, मध्ये लाकडी पार्टिशन, वर माळा. परळचं घर चाळीच्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतलं: वन बीएचके, पण बीम आणि कॉलम भरभक्कम काँक्रीटचे. पहिल्या घरात एक साधा राउटर सगळीकडे पोचतो, कारण मधल्या लाकडाला तो सहज पार करतो. दुसऱ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ५ गिगाहर्ट्झची रेंज अर्ध्यावर येते, आणि दार बंद केलं की आणखी कमी.

त्यामुळे सहा अँटेनांचा एक महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत आणि मधे लॅनची वायर टाकावी, हे मला जास्त पटतं. ओपनडब्ल्यूआरटीवर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावणं सोपं आहे. वायर दाराच्या चौकटीवरून नेली तर दिसतही नाही. वायर टाकणं शक्यच नसेल तेव्हाच बिनतारी मेशचा, म्हणजे राउटर एकमेकांना वायफायनेच जोडण्याचा, विचार करा.

२.४ गिगाहर्ट्झकडून मुंबईत फार अपेक्षा ठेवू नका. आमच्या हॉलमधून फोनवर मोजलं तर एकतीस नेटवर्क दिसतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे एकेका चॅनेलवर दहा-दहा घरं. ५ गिगाहर्ट्झ चांगला चालणारा राउटर हवा, हे यातूनच ठरतं.

पायरी ३: चिप निवडा

दुकानात कुणी चिपचं नाव सांगत नाही, खोक्यावरही ते नसतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर हार्डवेअरचा मोठा तक्ता आहे, त्यात मॉडेलच्या नावाने शोधलं की सापडतं.

ब्रॉडकॉमची वायफाय चिप असलेला राउटर या कामासाठी घेऊ नये. राउटर वाईट असतो असं नाही. त्या चिपचे ड्रायव्हर खुले नसल्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीवर वायफाय एकतर चालतच नाही किंवा अर्धवट चालतं. मीडियाटेकच्या चिपना खुला ड्रायव्हर चांगला आहे आणि तो सतत सुधारला जातो. क्वालकॉमच्या जुन्या, म्हणजे एथेरॉस घराण्यातल्या चिप भरवशाच्या आहेत. नव्या क्वालकॉम चिपबाबत मात्र एकेक मॉडेल तपासून घ्यावं लागतं.

मग येतात रॅम आणि फ्लॅश. फ्लॅश म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या राउटरवर नव्या आवृत्त्या चालत नाहीत. ८ आणि ६४ वर कशीबशी चालते, पण वर काही बसवायला जागा उरत नाही. १६ आणि १२८ ही माझी किमान अट. आज नवा राउटर घेताना बजेट असेल तर १२८ एमबी फ्लॅश आणि २५६ एमबी रॅमवाला बघावा. जाहिराती अडवणारी यादी, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कात सुरक्षित येण्याची सोय) हे सगळं एकत्र चालवायचं तर रॅम लागतेच.

तिसरी गोष्ट प्रोसेसरची ताकद, आणि तिच्यावर मी थोडी थांबणार आहे. लोक ओपनडब्ल्यूआरटीकडे ज्या सोयीसाठी येतात ती याच्यावरच अवलंबून आहे.

आमच्याकडे रात्री नऊची वेळ कठीण असायची. माझा कॉल चालू, मुलीचा क्लास चालू, आणि तेवढ्यात दिरांनी लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घेतले की दोघींचा आवाज तुटायचा. स्पीड टेस्ट केली तर आकडा पूर्ण. वेग कमी नव्हताच, रांग तुंबत होती. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी बोजे घेतलेली माणसं पुढे असली की नुसती छत्री घेतलेला माणूसही त्यांच्याच चालीने सरकतो. व्हिडिओचे मोठे गठ्ठे हे बोजेवाले, आणि कॉलचा आवाज म्हणजे तो छत्रीवाला. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाची सोय आहे, त्यात केक नावाची पद्धत निवडली की प्रत्येकाची वेगळी रांग लागते आणि छोट्या गोष्टी अडकून पडत नाहीत. आमच्या घरी तक्रारी थांबल्या त्या या एका सेटिंगने.

ही रांग लावायचं काम प्रोसेसर करतो आणि त्याला मर्यादा आहे. मीडियाटेकची जुनी एमटी७६२१ चिप एसक्यूएम लावून साधारण दीड-दोनशे एमबीपीएसपर्यंत पोचते, पुढे दमते. तिच्यानंतरची एमटी७९८१ चिप पाचशेच्या आसपासचा प्लॅन सांभाळते. चार कोअरची एमटी७९८६ त्याहून वरच्या प्लॅनसाठी. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर महाग चिपवर पैसे घालवायची गरज नाही, आणि गिगाबिट प्लॅनवर स्वस्त चिप लावली तर एसक्यूएम सुरू करताच वेग निम्म्याच्या खाली येईल. पहिल्या पायरीत लिहून घेतलेला आकडा इथे लागतो.

पायरी ४: दोन-तीन मॉडेलवर या

स्वस्तात सुरुवात करायची असेल तर एमटी७६२१वाले राउटर बघा. टीपी-लिंक आर्चर सी६ ची तिसरी आवृत्ती त्यातलीच. वायफाय ६ आणि मधला प्लॅन असेल तर एमटी७९८१: कुडी डब्ल्यूआर३००० किंवा जीएल-आयनेटचा एमटी३०००. एमटी३००० मध्ये ५१२ एमबी रॅम आणि २.५ गिगाबिटचा वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडायची जागा) आहे. आकाराने इतका लहान की प्रवासात बॅगेत जातो, पण त्याला लॅनचा पोर्ट एकच आहे, हे आधीच लक्षात घ्या. मोठा प्लॅन आणि मोठं घर असेल तर जीएल-आयनेटचाच एमटी६०००, एमटी७९८६ चिप आणि १ जीबी रॅमसह. जीएल-आयनेटचे राउटर खोक्यातून निघतात तेव्हाच ओपनडब्ल्यूआरटीची बदललेली आवृत्ती घेऊन येतात, त्यामुळे नवख्या माणसाला भीती कमी. तरी त्यांच्या प्रत्येक मॉडेलवर मूळ, शुद्ध ओपनडब्ल्यूआरटी चालतंच असं नाही. तक्त्यात बघूनच घ्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने स्वतःचा राउटर आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि बनाना पाय यांनी मिळून तो तयार केला. एमटी७९८१ चिप, १ जीबी रॅम, तेव्हाची किंमत ८९ डॉलर, आणि प्रत्येक विक्रीतले १० डॉलर प्रकल्पाच्या निधीला. त्याला दोन वेगळ्या फ्लॅश आहेत आणि एक छोटा स्विच. एका फ्लॅशवरचं फर्मवेअर बिघडलं तर स्विच सरकवून दुसरीवरून राउटर उठवता येतो. अशी रचना मला फार आवडते. परदेशातून मागवताना मात्र सीमाशुल्क धरा, आणि बिनतारी उपकरण देशात आणायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते हेही ध्यानात ठेवा. ती नसेल तर पार्सल अडकू शकतं. घरच्या वापरासाठी इथे अधिकृतपणे विकला जाणारा राउटर घ्यावा हेच बरं.

पायरी ५: लेबल वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, माझेही गेले. पहिला राउटर घेतला तेव्हा मी मॉडेलचं नाव पाठ करून गेले होते. खोक्यावर तेच नाव, तेच चित्र. घरी येऊन सील फोडलं, राउटर उलटा केला, तर लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत मला हवी त्याच्या पुढची आवृत्ती. आतली चिप वेगळी, फ्लॅश कमी. ओपनडब्ल्यूआरटीच्या पानावर त्या आवृत्तीसमोर स्पष्ट लिहिलेलं, चालत नाही. सील फोडल्यावर माल परत घेत नाही असं दुकानदार म्हणाला, आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच होता.

कंपन्या एकाच नावाखाली आतला माल बदलत राहतात. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा राउटर घ्या. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती. चौदाव्यात ती ४ आणि ३२ वर आली. नवी आवृत्ती आणि जागा निम्मी. वर सांगितलेल्या आर्चर सी६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसऱ्यात मीडियाटेकची. युरोपसाठीचा आणि भारतासाठीचा मालही कधी कधी वेगळा असतो.

म्हणून दुकानात काउंटरवर उभं राहून हे करा. सील न फोडता खोक्याच्या बाजूचं बारकोडचं स्टिकर बघा. मॉडेलच्या नावापुढे "व्हर" किंवा नुसतं "व्ही" आणि पुढे आकडा असतो, उदाहरणार्थ ३.२. स्टिकरचा फोटो काढा, तिथेच फोनवर तक्ता उघडा आणि आवृत्तीसकट जुळवा. दोन मिनिटं लागतात. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार यासाठी थांबतात, त्यांना अशा गिऱ्हाइकांची सवय आहे. ऑनलाइन घ्यायचा असेल तर फोटोतल्या आवृत्तीवर विश्वास ठेवू नका, कारण गोदामातून कुठलाही तुकडा येऊ शकतो. परत करण्याची मुदत असेल तरच मागवा, आणि सील फोडायच्या आधी स्टिकर वाचा.

पायरी ६: परतीची वाट आहे ना?

फर्मवेअर टाकताना मध्येच वीज गेली किंवा चुकीची फाइल गेली तर राउटर उठत नाही. म्हणून विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या पानावर दोन परिच्छेद वाचायचेच: फर्मवेअर कसं चढवायचं आणि बिघडल्यास परत कसं आणायचं.

चढवण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे राउटरच्या स्वतःच्या पानावरच्या अपग्रेडच्या जागी ओपनडब्ल्यूआरटीची फाइल टाकणं. कुडीसारख्या काही कंपन्यांत मध्ये एक पायरी वाढते, आधी त्यांनीच दिलेली मधली फाइल टाकायची आणि मग आपली. एवढं कुणालाही जमेल. काही मॉडेलांत मात्र कंपनीच्या फर्मवेअरमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन आत शिरावं लागतं, किंवा राउटर उघडून वायरी जोडाव्या लागतात. पहिलाच राउटर असेल तर अशा मॉडेलच्या वाटेला जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

परत आणण्यासाठी रीसेटचं बटण दाबून चालू केल्यावर उघडणारं साधं वेबपान असेल तर उत्तम. टीएफटीपीने, म्हणजे लॅपटॉपवरून वायरीतून थेट, फाइल देता येत असेल तर तेही पुरेसं आहे. तेव्हा लॅपटॉपला कुठला आयपी पत्ता द्यायचा आणि फाइलचं नाव काय ठेवायचं हे त्या पानावर दिलेलं असतं, आणि त्यात एक अक्षर चुकलं तरी काम होत नाही. शेवटचा मार्ग सीरियलचा, म्हणजे राउटर उघडून आतल्या पिनांना वायरी जोडायचा: ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टर, जो लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. ५ व्होल्टवर ठेवून जोडलात तर चिप जळू शकते, म्हणून त्यावरचा जंपर तपासल्याशिवाय वायर लावू नका.

सेकंडहँड राउटर घ्यायलाही हरकत नाही. फक्त ॲडॅप्टर मूळचा आहे का बघा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लेबलशी जुळले पाहिजेत. विचित्रपणे बंद पडणाऱ्या अर्ध्याअधिक जुन्या राउटरांचा दोष मला ॲडॅप्टरमध्येच सापडलाय. आणि फर्मवेअर बदललं की वॉरंटीवर पाणी सोडलं असं धरूनच चाला.

पायरी ७: फर्मवेअर टाकायचा दिवस

घरात सगळ्यांना सांगून, कुणाचा क्लास नाही अशी सकाळ निवडा. लागणाऱ्या फाइली आदल्या दिवशी उतरवून ठेवा, कारण काम सुरू झाल्यावर नेट नसेल. संकेतस्थळावरच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये मॉडेल आणि आवृत्ती निवडली की दोन फाइली दिसतात. "फॅक्टरी" नावाची कंपनीच्या फर्मवेअरवरून येताना वापरायची, "सिसअपग्रेड" नावाची आधीच ओपनडब्ल्यूआरटी असताना. "स्नॅपशॉट" टाळा. ती रोज बनणारी कच्ची आवृत्ती असते आणि तिच्यात वेबवरून चालवायचं पानच नसतं.

फाइलशेजारी लांबलचक अक्षर-आकड्यांची एक ओळ असते, एसएचए२५६ ची. विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडने उतरवलेल्या फाइलची तीच ओळ काढा आणि ताडून बघा. ती जुळली नाही तर फाइल टाकू नका.

मग लॅपटॉप वायरने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फाइल चढवा आणि हात बाजूला घ्या. पहिल्या मिनिटाला सगळे दिवे विझतात. मग एकच दिवा भराभर लुकलुकतो, थांबतो, पुन्हा संथ लुकलुकतो. गिरगावात पहिल्यांदा केलं तेव्हा त्या वेळात माझ्या आईने दोनदा विचारलं, "बिघडला का गं?" बिघडलेला नसतो. पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत पिनला हात लावायचा नाही. दिवा स्थिर झाला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. नाव रूट, पासवर्ड रिकामा.

पायरी ८: पहिल्या संध्याकाळी करायचं

सगळ्यात आधी पासवर्ड टाका. बहुतेक राउटरवर वायफाय बंदच असतं, ते घाबरायचं कारण नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

पुढची अडचण इतक्या जणांना येते की ती आधीच सांगते. कंपनीचा पांढरा डबाही बऱ्याचदा १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर असतो. दोघांचा पत्ता एक असला की नेट येत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. नेटवर्कच्या पानावर लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करून टाका, मग वॅनची वायर जोडा. पीपीपीओई असेल तर वॅनचा प्रकार बदलून लिहून घेतलेलं युजरनेम-पासवर्ड भरा. लाइन मॅकला बांधलेली असेल तर जुन्या राउटरचा मॅक इथेच टाकायचा.

वॅनला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता कंपनीने अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. घराबाहेरून आयपीव्ही४ने थेट घरच्या नेटवर्कात येता येणार नाही. वायरगार्डसाठी राउटर घेतला असेल तर कंपनीकडे स्थिर आयपी मागा किंवा आयपीव्ही६ वापरा.

वायफाय सुरू करताना देशाचा कोड भारताचाच ठेवा. अमेरिकेचा टाकला तर जास्त पॉवर मिळते असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनेलवर राउटरला आधी रडार आहे का हे ऐकून मगच बोलावं लागतं. अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून पावसाचे ढग बघतंय, आणि अशी रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. जुलैत आपण सगळे ज्या रडारच्या चित्राकडे डोळे लावून बसतो, त्यात आपल्या राउटरने व्यत्यय आणू नये. चॅनेल ३६ किंवा १४९ ठेवलं तर रडारसाठी थांबावं लागत नाही आणि नियमही पाळला जातो. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली तर शेजाऱ्यांनाही त्रास आणि आपल्यालाही.

स्मार्ट बल्ब, कॅमेरा, टीव्ही यांना पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाका, म्हणजे त्यांतला एखादा बाधित झाला तरी तो तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही.

आता एसक्यूएम. पॅकेजांच्या (जादा प्रोग्रामांच्या) पानावरून ते बसवा, वॅनचा इंटरफेस निवडा, आणि वेगाच्या जागी मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के आकडा भरा. १०० मिळत असतील तर ९०. थोडा वेग सोडावा लागतो, कारण रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरचा भार कमी करणारं सेटिंग) चालू असेल तर ते बंद करा, दोन्ही एकत्र नीट चालत नाहीत. मग मोठी फाइल चढवायला लावून त्याच वेळी कॉल करून बघा. आवाज तुटत असेल तर आकडा आणखी पाच टक्क्यांनी खाली आणा.

नवी आवृत्ती आली की अपग्रेड करायचं, दर दोन-तीन महिन्यांनी पान उघडून बघायचं. संकेतस्थळ तुमच्या पॅकेजांसकट नवी फाइल बांधून देतं. डिसेंबर २०२४ मध्ये याच सेवेत एक गंभीर त्रुटी सापडली. कळवल्यावर काही तासांत ती दुरुस्त झाली, आणि प्रकल्पाने काय झालं, कुणी काय करावं हे स्वतःहून जाहीर केलं. माझा विश्वास अशा वागण्यावर बसतो.

सगळं मनासारखं चालू लागलं की सिस्टीमच्या पानावरून सेटिंग्जचा बॅकअप काढा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. राउटर माळ्यावर किंवा लोखंडी कपाटामागे ठेवू नका. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर टांगा, पावसाळ्यात खिडकीपासून लांब. टांगायच्या आधी खालच्या लेबलशेजारी एक पांढरी पट्टी चिकटवा आणि बॉलपेनने लिहा: फर्मवेअरची आवृत्ती, टाकल्याची तारीख, लॅनचा नवा पत्ता आणि केबलवाल्याचा नंबर. आमच्या घरच्या पट्टीवर आता चार तारखा झाल्यात.